उंदीर कोण, हे ठाऊक असलेली नायिका

तुम्ही तुमच्या क्रमशः फॅनफिकबद्दल, म्हणजे आवडत्या पुस्तकाच्या जगात चाहत्यानं रचलेल्या कथेबद्दल, दोन प्रश्न वेगवेगळे करून विचारलेत. पहिला वेगाचा. नाशिकची चोवीस वर्षांची इरा अपघातात जाते आणि हॅरी पॉटरच्या जगात, पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्यांची चुलत बहीण म्हणून इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये पुन्हा जन्म घेते. अठरा प्रकरणं झाली, ती अजून नऊच वर्षांची आहे आणि वाचक जादूच्या शाळेसाठी, ‘हॉगवॉर्ट्स कधी?’ म्हणून, मागे लागलेत. दुसरा प्रश्न नीतीचा. हॅरीचा मित्र रॉन विझली याच्या घरातला पाळीव उंदीर म्हणजे रूप पालटलेला पीटर पेटिग्र्यू, हॅरीच्या आईवडिलांना दगा देणारा, हे इराला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. तरी ‘कथानक बिघडेल’ म्हणून ती गप्प राहते. एका वाचिकेनं तिला निर्दयी म्हटलं आणि ते तुम्हाला लागलं.

मी स्वतः सेल्फ-इन्सर्ट, म्हणजे आपल्यासारखीच नायिका मूळ पुस्तकाच्या जगात घालणाऱ्या कथा, लिहिते आणि त्याहून जास्त इतरांच्या, बीटा रीडर म्हणून, छापण्याआधी तपासायला वाचते. माझ्या लेखी तुमचा प्रश्न एकच आहे. वेग सुधारायला गेलात तर नीतीपाशी पोचाल, आणि नीती सुधारलीत की वेग आपोआप जागेवर येईल.

साध्या कादंबरीत कथा रेंगाळली तर वाचक कंटाळतो, एवढंच. जिथे नायिकेला पुढचं सगळं ठाऊक आहे, तिथे रेंगाळणं ही तिची कृती ठरते. हॅरीचे आईवडील मारले गेले ३१ ऑक्टोबर १९८१च्या रात्री. पाठोपाठ पीटरनं भर रस्त्यात बारा मगलांचा, म्हणजे जादू न येणाऱ्या माणसांचा, जीव घेतला, आपलं एक बोट मागे ठेवलं आणि उंदीर होऊन गटारात नाहीसा झाला. आळ सिरियस ब्लॅकवर आला आणि तो खटल्याशिवाय अझकाबान या जादूगारांच्या तुरुंगात गेला. तुमची इरा तेव्हा जेमतेम दीड वर्षाची. तिला कोण दोष देणार? पण ती नऊ वर्षांची होते तेव्हा १९८९ उजाडलेलं असतं. सिरियसला आत जाऊन आठ वर्षं होत आलीत, आणि बाहेर माणसातला आनंद शोषून घेणाऱ्या डिमेंटरांचा पहारा आहे. अकराव्या प्रकरणात तुम्ही इराला पहिल्यांदा झाडूवर बसवलंत. प्रकरण गोड आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात ती आठ वर्षं चालूच असतात, कारण ती मोजायला तुम्हीच त्याला शिकवलंत: दुसऱ्याच प्रकरणात इरा म्हणते, ‘मला सगळं माहीत आहे.’ तेव्हापासून तिचा प्रत्येक निवांत दिवस कुणाच्या तरी खात्यावर लिहिला जातोय. ‘कधी?’ विचारणारे वाचक आणि ‘निर्दयी’ म्हणणारी वाचिका तुम्हाला एकच गोष्ट सांगताहेत.

यावर उपाय म्हणून बालपण कापून टाका, असं मी म्हणणार नाही. उलट बालपण हीच तुमच्या कथेची सगळ्यात सकस जागा आहे, फक्त तिचं काम बदलायला हवं. दोन वर्षांच्या मुलीला बोलता येत नाही. चार वर्षांची बोलेल, पण ‘रुपांतर करणारा माणूस उंदीर झालाय’ हे ऐकून आई तिला छातीशी धरून झोपवेल. सहा वर्षांची लिहायला लागते. आठ वर्षांच्या मुलीला घरातलं पत्रं पोचवणारं घुबड कुठे बसतं ते माहीत असतं. म्हणजे इराचं वय वाढतं तसतसं तिच्या गप्प बसण्याला असलेलं कारण झिजत जातं. हा खरा ताण आहे आणि तो तुमच्या अठरा प्रकरणांत कुठेच नाही. प्रत्येक प्रकरण लिहिताना एकच विचारा: या प्रकरणाअखेर सिरियससाठी काही करणं इराला आधीपेक्षा सोपं झालं का? झालं असेल आणि तरी ती गप्प राहिली असेल, तर त्याची बोच पानावर दिसायला हवी. काहीच बदललं नसेल तर त्या प्रकरणाचा एक परिच्छेद करा.

आता ‘कथानक बिघडेल’ या कारणाबद्दल. थोडं कडक बोलते. हे कारण इराचं नाही, तुमचं आहे. इराला कथानक बिघडण्याची भीती वाटायचं कारण काय? तिच्यासाठी ते कथानक नाहीच. तिथे तिची आई आहे, शेजारी आहेत, तिथे तिला ताप येतो. भीती लेखिकेला आहे, कारण सिरियस १९८९मध्ये सुटला तर तिसऱ्या पुस्तकाचा आधार जातो. पीटर पकडला गेला तर चौथ्या पुस्तकाच्या शेवटी खलनायक व्होल्डेमॉर्टला देह मिळवून देणाराच उरत नाही. मग मूळ पुस्तकं बाजूला ठेवून सगळं स्वतः रचावं लागतं. हे ओझं नको म्हणून लेखक नायिकेच्या तोंडी सावधगिरी घालतो आणि मग ती सावधगिरी कुणा निरपराधाच्या आयुष्यातून वजा होते. या प्रकारच्या लेखनात जे नैतिक घोटाळे होतात, त्यातले निम्म्याहून अधिक इथूनच येतात. लेखक काही क्रूर नसतो, त्याला फक्त ओळखीची वाट सोडवत नाही.

आपल्याकडे भविष्य ठाऊक असून न बोलणारा एक माणूस घरोघरी माहीत आहे. लोककथेतल्या सहदेवाला युद्ध होणार हे ठाऊक होतं, कोण पडणार हेही. पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही हे त्याच्यावरचं बंधन, आणि कुणी नीट विचारलंच नाही. सहदेवाला कुणी निर्दयी म्हणत नाही. त्याचं मौन त्याच्यावर लादलेलं आहे आणि त्याचं दुःख तो बाळगून आहे. तुम्हाला इराचं मौन टिकवायचंच असेल तर तिलाही असं काहीतरी खरं, कथेच्या आतलं बंधन द्या. या जगात ते आयतं मिळतं. शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर आणि तिथला शिक्षक स्नेप दोघंही समोरच्याच्या मनात शिरू शकतात, नजरेला नजर मिळाली की पुरतं. हॉर्क्रक्स (व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचे लपवलेले तुकडे), भविष्यवाणी, स्नेपची खरी बाजू, हे सगळं ज्या मुलीच्या डोक्यात आहे, तिचं डोकं चुकीच्या माणसासमोर उघडं पडलं तर काय होईल? ही भीती खरी आहे, नऊ वर्षांच्या मुलीला पेलवेल अशी आहे, आणि ती तिला गप्प बसायला लावते तशीच काहीतरी शिकायलाही लावते. कथा चालू लागते.

दुसरा मार्ग याहून अवघड, पण मला जास्त आवडणारा. इराला सुरुवातीला ही माणसं खरी वाटूच नयेत. पुस्तकातली पात्रं आहेत, सिरियस तर तसाही तिसऱ्या भागात सुटतो, असं तिनं मनाशी म्हणावं. आणि मग एका प्रसंगात ते तुटावं. त्यासाठी तुमच्या हाती पार्वती आणि पद्मा आहेत. मूळ पुस्तकांत त्यांच्याबद्दल फार थोडं सांगितलंय: एक शाळेच्या ग्रिफिंडॉर गटात, दुसरी रेव्हनक्लॉमध्ये, यूल बॉलला, म्हणजे शाळेतल्या नाचाच्या समारंभाला, एक हॅरीबरोबर, दुसरी रॉनबरोबर, आणि दोघींची संध्याकाळ वाया, पुढे डम्बलडोरच्या सेनेत दोघी, आणि डम्बलडोर गेल्यावर दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आतच आईवडिलांनी त्यांना घरी नेलेलं. घर कुठे, आईवडील काय करतात, त्या कुठली भाषा बोलतात, काही नाही. म्हणजे इराच्या स्मरणात त्यांच्याबद्दल पानभरही मजकूर नाही आणि रोजचं आयुष्य मात्र त्यांच्याबरोबरच काढायचंय. ज्यांच्याबद्दल पुस्तक गप्प आहे त्याच तिला सर्वांत खऱ्या वाटतील. सातव्या प्रकरणात पद्माला ताप येतो आणि इराला आठवत बसावं लागतं की पद्मा पुढे जिवंत असते ना. त्या एका वाक्यात तुमची कथा खरी सुरू होते. ते वाक्य तुम्ही प्रकरणाच्या मधोमध पुरून टाकलंय. वर आणा.

(जाता जाता: पाटील आडनाव दिसलं की मराठी लेखिकेचा हात आपोआप मोदकांकडे वळतो, ते समजू शकते. पण अठरा प्रकरणांत तीन वेळा मोदक झालेत. एकदा पुरे. शिवाय लेस्टरमध्ये गुजराती शेजार भरपूर. त्यातून वेगळ्याच गमती मिळतील.)

हॉगवॉर्ट्सला पोचल्यावर वेगाचा दुसरा आजार सुरू होतो, आणि तो बालपण लांबण्यापेक्षा वाईट. इंग्रजी फॅनफिकवाले त्याला कॅननची, म्हणजे मूळ पुस्तकांतली ठरलेली, स्टेशनं म्हणतात. डायगॉन अ‍ॅली, लाल आगगाडी, मुलांचे गट ठरवणारी बोलती टोपी, हॅलोविनचा ट्रोल, झाडूवरच्या क्विडिच खेळाचा सामना, आरसा, जमिनीतलं चोरदार. गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते, फलाटावर तीच माणसं तेच संवाद म्हणतात, फक्त कडेला तुमची नायिका उभी असते आणि एखादा विनोद करते. वाचकानं हे वाचलेलं असतं. मूळ पुस्तक वाचलेला माणूस तुमच्या प्रसंगातला पुढचा संवाद ओळखू शकत असेल, तर तो प्रसंग लिहू नका. ‘टोपीनं तिला रेव्हनक्लॉमध्ये घातलं’ हे एक वाक्य चालतं. पण टोपी डोक्यात शिरते आणि तिथे तिला सात पुस्तकं सापडतात, हा प्रसंग लिहायलाच हवा, कारण तो कुणी वाचलेला नाही. टोपी काय म्हणेल? गुपित ठेवेल? या एका प्रश्नावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

एक लक्षात घ्या, ओळखीची स्टेशनं जशीच्या तशी राहणारच नाहीत. इरा तिथे आहे एवढ्यानंच ती हलतात. आणि इथे माझ्या मते या प्रकारच्या कथांतली सगळ्यात कठीण परीक्षा आहे, सिरियसहून कठीण. १९९१च्या हॅलोविनच्या दिवशी रॉन वर्गाबाहेर म्हणतो की हिला कुणी सहन करू शकत नाही, आणि हर्मायनी ते ऐकते. दुपारभर ती मुलींच्या स्वच्छतागृहात रडत बसते. रात्री ट्रोल तिथे शिरतो, हॅरी आणि रॉन तिला वाचवतात, आणि तिघांची मैत्री होते. ती आत रडतेय हे हॅरीला कसं कळतं, आठवतं? पार्वती पाटील लॅव्हेंडरला सांगत असते, तेव्हा त्याच्या कानावर पडतं. पार्वतीला आधीच कळलेलं असतं. पार्वती, म्हणजे तुमच्या इराची बहीण.

आता सांगा, इरा काय करते? बारा वर्षांची मुलगी दाराआड रडते आहे. आत जाऊन शेजारी बसलं, जेवायला बाहेर आणलं, तर ट्रोल येईल तेव्हा स्वच्छतागृह रिकामं असेल. तिघांची मैत्री कदाचित होणारच नाही, आणि पुढची सगळी पुस्तकं त्या मैत्रीवर उभी आहेत. मी वाचलेल्या अशा बऱ्याच कथांच्या नायिका इथे दार ओलांडून जात नाहीत. ‘ही मैत्री व्हायलाच हवी’ म्हणत पुढे निघून जातात. लेखिकेला ते शहाणपण वाटतं. वाचकाला नाही वाटत. अझकाबान दूर आहे, तिथे काही करता आलं नाही हे पटतं. इथे मधे फक्त एक दार आहे. शिवाय आत बसली तर ट्रोल तिला मारू शकतो. पुस्तकात ती वाचली कारण दोन पोरं वेळेवर आली. आज ती वेळेवर येतीलच, याची खात्री इराला कुणी दिली? ती त्या मुलीच्या जिवावर पैज लावते आहे आणि पैजेबद्दल त्या मुलीला ठाऊकही नाही.

मला विचाराल तर इराला आत पाठवा. मैत्री दुसऱ्या तऱ्हेनं होऊ द्या, उशिरा होऊ द्या, चौघांची होऊ द्या, किंवा होऊच नका देऊ आणि त्याची किंमत पुढे मोजा. पण दाराबाहेरून निघून गेलेल्या नायिकेला परत आवडती करायला तुम्हाला पुढची दहा प्रकरणं लागतील.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही देते, म्हणजे मी ‘सगळीकडे उडी मारा’ म्हणते आहे असं वाटायला नको. दुसऱ्या वर्षी बॅसिलिस्क, नजरेनं मारणारा प्रचंड साप, हॉगवॉर्ट्सभर फिरतो आणि कुणीही मरत नाही, ते केवळ योगायोगांमुळे. शाळेचा रखवालदार फिल्च, त्याची मांजर त्याला जमिनीवरच्या पाण्यात पाहते. कॉलिन कॅमेऱ्यातून पाहतो. जस्टिनच्या आणि सापाच्या मधे भूत येतं. हर्मायनी आणि पेनेलोपीच्या हाती आरसा असतो. थेट पाहिलं असतं तर प्रत्येक जण मेला असता. मांजर वाचली कारण मर्टल या रडक्या भुताच्या स्वच्छतागृहातून पाणी वाहत आलं होतं. समजा इरानं त्या संध्याकाळी मर्टलचं सांत्वन केलं, पाणी वाहिलंच नाही. किंवा कॉलिनला म्हणाली, ‘रात्री कॅमेरा घेऊन फिरू नकोस’ आणि तो कॅमेऱ्याशिवाय फिरला. तिच्या चांगुलपणानं एक पोरगा मेला. इथे हात न लावण्याला खरा अर्थ आहे, आणि तो अर्थ इराला कळला पाहिजे, तिनं घाबरलं पाहिजे. हीच मुलगी मग त्याच्या मुळाकडे जाईल: या सगळ्यामागची, व्होल्डेमॉर्टची जादूची डायरी ऑगस्ट १९९२मध्ये पुस्तकांच्या दुकानात ल्युशियस मालफॉय रॉनच्या बहिणीच्या, जिनीच्या, कढईत टाकतो. शाळा सुरू व्हायच्या आधी, भर दिवसा, एका ठरलेल्या ठिकाणी. गुंतागुंत वाढण्याआधी एकच सरळ क्षण आहे आणि तो इराला ठाऊक आहे. तिनं तो गाठला तरी डायरी तिच्या हाती येते, आणि ती डायरी बोलते. जिला सगळं माहीत आहे अशा मुलीइतकं सावज त्या डायरीला कुठलं? मी हे लिहिलं तर आख्खं दुसरं वर्ष या एका गोष्टीवर घालवेन आणि क्विडिचचा एकही सामना दाखवणार नाही.

इराला ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट तिच्या पहिल्या यशानंतर जुनी व्हायला लागते. डायरी उचलली की तिसरं वर्ष बदललं. सिरियस आधी सुटला की चौथ्या वर्षाचं तिला काहीच सांगता येणार नाही. हे होऊ द्या. ज्ञान संपत जाताना कथेचा वेग आपोआप वाढतो, कारण वाचकालाही पुढचं कळेनासं होतं. सर्वज्ञ मुलगी शेवटी इतरांसारखीच चाचपडणारी होते आणि तेव्हाच ती धाडसी ठरते. आधी तिला फक्त उत्तरं पाठ होती.

या बाबतीत आपल्या भाषेत एक फार सुरेख नमुना आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक अचानक अशा जगात जातात जिथे पानिपतच्या लढाईत विश्वासराव वाचले. ते तिथे वीरश्री दाखवत नाहीत. ग्रंथालय गाठतात आणि इतिहासानं नेमकं कुठे वळण घेतलं ते शोधत बसतात. आणि जेव्हा ते जाहीर सभेत व्यासपीठावरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतात, तेव्हा लोक त्यांना बोलूही देत नाहीत. परक्या जगात आपल्याला सगळं कळतं असं समजणाऱ्या माणसाचं पहिलं पाऊल फसायला हवं, हे तिथे किती थोडक्यात साधलंय पाहा.

आता माणसांशी वागण्याबद्दल. इरा बाहेरून अकरा वर्षांची असेल, आतून पस्तीसची आहे. तिला शाळेतल्या नेव्हिलच्या आईवडिलांचं काय झालं ते माहीत आहे. हॅरी जिन्याखालच्या कपाटात झोपायचा हे माहीत आहे. स्नेपच्या मनात कोण आहे तेही. यातलं काहीही तिला कुणी सांगितलेलं नाही. हे वापरून ती लोकांची मनं जिंकायला लागली, की नेव्हिलला नेमकं हवं ते वाक्य बोलते, हॅरीला नेमकी हवी ती भेट देते, आणि सगळे म्हणतात ‘तुला कसं कळलं?’, तर ते गोड वाटलं तरी ती पाळत आहे. माझा स्वतःपुरता नियम असा: जे तिला कुणी सांगितलेलं नाही, ते जीव वाचवायला वापरावं, स्वतः आवडती व्हायला वापरू नये. नेव्हिलशी मैत्री करायचीच तर त्याचा हरवलेला बेडूक शोधण्यापासून करावी, इतर कुणी करेल तशी. आणि कधीतरी त्यानं आपणहून आईवडिलांबद्दल सांगितलं, तर तिला आधीच ठाऊक होतं या लाजेनं ती त्या प्रसंगात अवघडलेली दिसावी. लोकांच्या स्मृती पुसण्याचे मंत्र, मन वळवणारी पेयं, हेही त्याच खात्यातलं. तुमच्या नायिकेनं यातलं काही ‘गंमत’ म्हणून केलं की मी पुस्तक मिटते.

प्रेमप्रकरणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सोळाव्या प्रकरणात एका वाक्यात चाहूल दिलीत, म्हणून सांगते: नको. तिच्या वर्गातली सगळी लहान मुलं आहेत आणि ती मनानं प्रौढ बाई आहे. ‘शरीरानं ती लहानच आहे ना’ हा युक्तिवाद या प्रकारच्या लेखनात सर्रास चालतो, म्हणून तो बरोबर होत नाही. ते वाक्य काढून टाका. तिथे तिला मैत्री आणि बहिणी पुरेशा आहेत.

मेरी स्यू, म्हणजे अतिपरिपूर्ण नायिका, हा शिक्का आपल्यावर बसेल का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंत. १९७३मध्ये पॉला स्मिथनं ‘मेनाजेरी’ या स्टार ट्रेकच्या चाहत्यांच्या नियतकालिकात चेष्टा म्हणून एक छोटी कथा लिहिली. त्यात साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी स्यू, ताफ्यातली सगळ्यात तरुण, सगळं तिलाच येतं, आणि ती मरते तेव्हा सगळे रडतात. लोक त्यातलं ‘सगळं तिलाच येतं’ तेवढं धरून बसले. मला खटकतं ते ‘सगळे रडतात’. नायिकेला चार गोष्टी जास्त आल्यानं काही बिघडत नाही; ती खोलीत आली की बाकीच्यांना स्वतःचं काहीच काम उरत नाही, हे बिघाडाचं लक्षण. त्याचं दुसरं रूप म्हणजे रॉनला मठ्ठ आणि डम्बलडोरला कपटी करून नायिका उंच दाखवणं. तुमच्यात हे नाही, पण हॉगवॉर्ट्सला पोचलात की मोह होईल. उतारा एकच: अधूनमधून एक प्रकरण असं लिहा ज्यात इरा नाही. पार्वतीच्या नजरेतून लिहा. आपली चुलत बहीण झोपेत अनोळखी माणसांची नावं घेऊन रडते, हे पाहणाऱ्या सात वर्षांच्या मुलीचं प्रकरण मला आत्ता वाचायला हवं आहे.

तर अठरा प्रकरणांचं काय करायचं? पहिलं आणि दुसरं ठेवा. तिसरं ते सहावं एक करा. सातवं, तापाचं, वाढवा. मधल्या झाडूच्या, मोदकांच्या, पहिल्या जादूच्या प्रकरणांतून एकच निवडा. मी झाडूचं निवडेन. स्वगतं निर्दयपणे कापा, खासकरून ‘मला माहीत होतं की पुढे...’ अशी सुरू होणारी. वाचकाला पुस्तक तुमच्याइतकंच पाठ आहे. क्रमशः लिहिणाऱ्याला आठवड्याला एक बदल द्यावाच लागतो. हरिभाऊ आपटे ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूची कहाणी हप्त्याहप्त्यानं छापत होते तेव्हाही वाचणाऱ्याला पुढच्या अंकासाठी काहीतरी उरवून ठेवावं लागत होतंच. एवढं केलंत की आठ-नऊ प्रकरणं उरतील आणि शेवटी इरा नऊ वर्षांची, हातात टाक घेऊन बसलेली असेल.

सिरियसला सोडवण्यासाठीचं पत्र कुणाला लिहायचं, इथे बहुतेक जण डम्बलडोरला निवडतात. मी रीमस लुपिनला, सिरियस आणि पीटरच्या शाळेतल्या मित्राला, निवडेन. पीटर उंदराचं रूप घेऊ शकतो हे बाहेर मोकळं फिरणाऱ्यांपैकी फक्त त्यालाच माहीत आहे. ‘पुढच्या पायाचं एक बोट नसलेला, आठ वर्षं जगलेला उंदीर’ हे वाक्य दुसऱ्या कुणाला वेडगळ वाटेल, लुपिनला रात्रभर झोपू देणार नाही. साधा उंदीर दोन-तीन वर्षांवर जगत नाही. पत्ता नसला तरी घुबड त्याला शोधेल. आणि लुपिनच का, याचं आणखी एक कारण. मूळ कथेतही तो गप्प बसलेला माणूस आहे: सिरियस कुत्र्याचं रूप घेऊ शकतो हे १९९३मध्ये, सिरियस पळालेला असतानाही, तो डम्बलडोरला सांगत नाही, कारण सांगितलं तर शाळेत असताना आपण त्यांचा विश्वासघात केला हे कबूल करावं लागेल. तेव्हा इराचं पत्र त्याच्या हाती पडलं तरी तो ताबडतोब हलेलच असं नाही. पत्रानंतरचं प्रकरण उत्तराविना जाऊ द्या. आणि त्याचं दुसरं गुपित, पौर्णिमेला लांडगा होण्याचं, इराला ठाऊक असलं तरी ते पत्रात चुकूनही येऊ देऊ नका. आलं तर ती धमकी होईल.

एक दुरुस्ती. चौदाव्या प्रकरणात इराला डायगॉन अ‍ॅलीत रॉनच्या खांद्यावर उंदीर दिसतो. १९८९मध्ये तो उंदीर रॉनचा नव्हता, त्याच्या मोठ्या भावाचा, पर्सीचा होता. रॉनकडे तो पर्सीला घुबड मिळाल्यावर, १९९१मध्ये आला. आणि पर्सी तेव्हा हॉगवॉर्ट्सलाच शिकतो, म्हणजे बहुतेक वर्ष पीटर ग्रिफिंडॉरच्या मुलांच्या शयनगृहात झोपतो. इराच्या हाताला तो लागत नाही. लुपिनच्याही लागत नाही, निदान उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत.